अकरा एकांची संख्या

आमच्या कुळात कित्येक वर्षे एक खोटी गोष्ट सांगितली जाते. अकरा एक ओळीने मांडले की होणारी संख्या, म्हणजे ११,११,११,११,१११, अविभाज्य आहे असे मी छातीठोकपणे सांगितले आणि तोंडघशी पडलो, अशी ती गोष्ट. मी असे कधीही म्हणालो नव्हतो. तंजावूरच्या कॉलेजात मी जन्मभर गणित शिकवले. असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास केले असते.

मी म्हणालो होतो ते एवढेच, की एकांची गणती फुटत असेल तर संख्याही फुटते. सहा एक घ्या. सहा म्हणजे तीन दुणे. म्हणून १,११,१११ ला एकशे अकराने भाग जातो. अकराची अशी फोड होत नाही, तेव्हा ही वाट तिथे बंद. दुसरी वाटच नाही, असे त्यातून निघत नाही. माझ्या धाकट्या चुलत भावाने, जो निवृत्त इंजिनियर आहे, माझे वाक्य उलटे केले आणि माझ्याच नावावर खपवले.

परवा पापनाशमला एका नातलगाच्या ऐंशीव्या वर्षाच्या शांतीत, पंगतीला बसल्यावर तो पुन्हा सुरू झाला. मोबाइलवर त्या संख्येचे दोन अवयव काढून त्याने शेजाऱ्यांना दाखवले: २१६४९ आणि ५१३२३९.

"अण्णा, फुटली की तुमची संख्या!"

"त्यातला लहान अवयव मी तरुणपणीच काढला होता. हाताने."

"सरी, सरी, बरं. एकेका संख्येने भागत बसला होता? मग वहिनींना बघायला कधी गेलात?"

पंगत हसली. मी हसलो नाही.

"एकेका संख्येने नाही. हिचा कुठलाही भाजक घे, त्यातून एक वजा कर. उरेल त्याला बावीसने भाग जातोच. बाकीच्या संख्या मी तपासल्याच नाहीत. आता मोबाइल ठेव आणि करून बघ."

रसमने ओल्या झालेल्या बोटाने तो केळीच्या पानाच्या कडेला आकडे मांडू लागला. आम्हा तंजावूरच्या मराठी माणसांत भांडण मराठीत होते, गुणाकार मात्र तमिळमध्ये. त्याचे ओठ तमिळ पाढे म्हणत होते. पहिल्या अवयवातून एक वजा करून उरले त्याला बावीसने निःशेष भाग गेला. दुसऱ्याचेही तसेच झाले.

"हे मोबाइलने सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू त्याला विचारलंस कुठे? आणि मला सांग, जो माणूस संख्या अविभाज्य म्हणून मोकळा झाला, तो तिचे भाजक शोधायला कशाला बसेल?"

तो पापड मोडत राहिला.

हात धुवायच्या जागी मात्र त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. कुणा पाहुण्याला तो सांगत होता, "आमचे अण्णा एकदा म्हणाले होते..." मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो थांबला.

"पुढे बोल," मी म्हणालो.

"म्हणाले होते, की... एक वाट बंद आहे," तो पुटपुटला.

पाहुण्याला ते ऐकू गेले नव्हते. मी भावाला ते पुन्हा, मोठ्याने सांगायला लावले.