वरच्या मजल्याचं पूर्ण स्वराज्य

माझ्या घरमालकांइतक्या वेळा स्वतंत्र झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. देश एकदाच झाला आणि दमला. काका दूधवाल्यापासून स्वतंत्र झाले, न्हाव्यापासून झाले, वर्तमानपत्रापासून, रेशनच्या साखरेपासून आणि शेवटी सख्ख्या भावापासून झाले; आणि प्रत्येक वेळी रीतसर, उभं राहून, चारचौघांच्या देखत, कारणं सांगून झाले. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडच्या मागच्या एका कॉलनीत त्यांच्या बंगलीच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. बाहेरून लोखंडी जिना, वर दोन खोल्या आणि गच्चीचा तुकडा, खाली काका आणि काकू. मूलबाळ नव्हतं. मी राहायला आलो त्याच आठवड्यात काकांनी फाटकापाशी दूधवाल्याला मोटरसायकल स्टँडवर लावायला सांगितली आणि मला गच्चीवरून खाली बोलावलं. साक्षीदार हवा होता. "आजपासून मी तुझं दूध बंद करतो आहे," काका म्हणाले. "कारणं अशी. एक, दुधात पाणी. दोन, तू येतोस तोवर चहाची वेळ टळलेली असते. तीन, माप भरताना तुझा अंगठा मापाच्या आत असतो." दूधवाला बिचारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, नको तर नको म्हना ना. लय लोकं नको म्हनतात, भाषण कोनी नाय करत." त्यावर काका म्हणाले, "न सांगता तोडणं म्हणजे पळून जाणं. मी पळून जात नाहीये." दुसऱ्या दिवसापासून दूधवाला वेळेवर यायला लागला, अंगठाही मापाबाहेर गेला. पण जाहीर केलेलं स्वातंत्र्य मागे घेता येत नाही, त्यामुळे काकू मागच्या दारानं त्याच दूधवाल्याकडून तेच दूध घेत राहिल्या आणि काका नव्या दूधवाल्याची तारीफ करत ते पीत राहिले.

काकांची उभी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली होती. पेठ आणि त्र्यंबकच्या डोंगरांत साखळ्या ओढून त्यांची पाठ वाकली होती आणि हद्दीबद्दलची मतं ताठ झाली होती. ते म्हणत, "बांध कोरणारा अंधारात कोरतो, कारण त्याला विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. ज्याच्याकडे कारण असतं तो भर दुपारी पंच बोलावून दगड हलवतो." या एका अनुभवावर त्यांनी जगाचा सगळा इतिहास बसवला होता. वर्षातला त्यांचा खरा सण म्हणजे सव्वीस जानेवारी. प्रजासत्ताकाशी त्यांचं भांडण नव्हतं. पण ही तारीख मुळात आली कुठून, हे कॉलनीला ठाऊक नाही, याचा त्यांना संताप होता. एकोणीसशे तीस साली याच दिवशी गावोगाव लोकांनी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली होती. काकांच्या वडिलांनी ती गावच्या चावडीसमोर ऐकली होती, आणि वडिलांकडून ती काकांकडे आली होती. बाकी वारसा भावाकडे गेला, ही स्वतंत्र होण्याच्या कारणांतली एक बाब.

तर कॉलनीच्या झेंडावंदनाला काका ती प्रतिज्ञा वाचत. वाचत म्हणजे पाठ म्हणत. कॉलनीचे अध्यक्ष बांधकामवाले होते. पांढरा कडक कुर्ता घालून ते उशिरा येत, झेंड्याची गाठ सुटत नसे, वॉचमन खांबाला हलवत असे, फुलांऐवजी एकदा नुसती दोरीच खाली आली, तरीही अध्यक्ष सलाम ठोकून उभेच. मग "आपला देश महान आहे" या विषयावर त्यांचे चार शब्द होत आणि माइक काकांकडे येई. काकांनी बोटानं माइकवर दोनदा टकटक केली, की लोक जिलेबीच्या टेबलाकडे सरकायला लागत. पुढची प्रतिज्ञा रिकाम्या खुर्च्यांना. स्वातंत्र्य हा माणसाचा हक्क आहे. जे सरकार तो हिरावतं ते बदलण्याचाही हक्क आहे. या राज्यानं आमचे धंदे बुडवले, मिठावर कर बसवला, आम्हाला नि:शस्त्र केलं, मनानं दुबळं केलं. काका एकेका आरोपापाशी थांबत, जणू समोर कोणी उत्तर देणार आहे. पहिल्या ओळीत काकू बसलेल्या असत, मांडीवर थर्मास घेऊन. आणि मी, भाडेकरू असल्यामुळे.

मी ग्रंथालयात नोकरी करत होतो आणि थाटामाटाबद्दल मला उपजतच संशय आहे. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तीस साली वाचलं आणि सत्तेचाळीस साली सुटलो. मग वाचण्याचा उपयोग काय झाला?" काका खूश झाले, त्यांना प्रश्न विचारणारा मिळत नसे. "जाहीरनाम्यानं कोणी सुटत नाही," ते म्हणाले. "तो समोरच्यासाठी नसतोच. समोरचा कधी ऐकत नाही, न ऐकणं हे राज्य करणाऱ्याचं कामच आहे. तो स्वतःसाठी असतो. आपण का तोडतोय हे एकदा जगासमोर सांगितलं की उद्या तीच कारणं आपल्या मानगुटीवर बसतात. उद्या आपण दुसऱ्यावर कर बसवला, तर कोणीही उठून म्हणू शकतो, बाबा रे, तूच नाही का म्हणाला होतास? म्हणून तर दरवर्षी वाचायचा. जिलेबी खाऊन माणूस विसरतो."

"आणि समोरच्यानं काय करायचं?"

"उभं राहून ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. तेवढं जरी एखाद्या साम्राज्यानं केलं असतं ना, निम्मं रक्त वाचलं असतं."

काकू आतून चहा घेऊन आल्या. त्यात नेहमीसारखं भरपूर आलं होतं. काकांना आल्याचा चहा लागे.

दोन हजार सालानंतर मी जवळच फ्लॅट घेतला आणि वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. त्याच सुमाराला काकूंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. गाठ होती, आणि डॉक्टरांनी ती पाहून चेहरा जसा केला त्यावरून पुढचं कळण्यासारखं होतं. काकांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले होते, आशा थोडी, हाल बरेच, पण प्रयत्न करता येईल. काका प्रयत्नवादी. फेब्रुवारीच्या मध्याला जायचं नक्की झालं.

त्या सव्वीस जानेवारीला झेंड्याची गाठ सुटली, फुलं पडली, अध्यक्षांनी देश महान केला, काकांनी प्रतिज्ञा संपवली. खुर्च्या नेहमीप्रमाणे रिकाम्या. मांडववाला वायरी गुंडाळायला आला तेवढ्यात काकू उठल्या, थर्मास माझ्या हातात दिला आणि माइकपाशी गेल्या. बोटानं दोनदा टकटक केली. "माझाही आहे," म्हणाल्या.

काका गालातल्या गालात हसले. त्यांना वाटलं, कौतुक.

"मी या घरातून स्वतंत्र होते आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कर्ण्यातून जिलेबीच्या टेबलापर्यंत गेला आणि तिथली भांडी वाजायची थांबली. "कारणं अशी. एक. या घरात माझ्या मनानं एक खिडकी उघडलेली नाही. पूर्वेची उघडली की यांना वारा लागतो, पश्चिमेची उघडली की धूळ. दोन. मला चहात आलं आवडत नाही. लग्न झाल्यापासून आवडत नाही. तीन. आपल्याला मूल होणार नाही हे कळल्यावर दत्तक घ्यायचं की नाही, हे यांनी ठरवलं. मला विचारलं नाही, कळवलं. चार. डॉक्टर यांच्याशी बोलले, मुंबईचं यांनी ठरवलं. गाठ माझ्या पोटात आहे." इथे त्या थांबल्या, काका आरोपापाशी थांबत तशाच. "मला मुंबईला जायचं नाही. मला राहिलेले दिवस वरच्या खोलीत काढायचे आहेत. बोलावल्याशिवाय यांनी वर यायचं नाही. संपलं."

काका उभे होते. मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. स्वतःच घातलेला नियम होता. शेवटी एवढंच म्हणाले, "तिसरा मुद्दा जरा अतिशयोक्त आहे." आणि माइक बंद करायला वाकले, पण त्यांना बटण सापडेना.

काकू त्याच दुपारी वर गेल्या. एक गादी, एक स्टोव्ह, दोन पातेली आणि दूधवाला, जो आता राजरोस पुढच्या जिन्यानं जायला लागला. आणि खाली काका अगदी तसेच वागायला लागले जसं साम्राज्य वागल्याचं ते आम्हाला वर्षानुवर्षं सांगत आले होते. आधी त्यांनी घडलंच नाही असं केलं. मग मला बोलावून वाटाघाटी सुरू केल्या. "तिला सांग, वसाहतीचं स्वराज्य देतो. खिडक्या तिच्या. आलं बंद. स्वयंपाकघरात माझा काही अधिकार नाही." मी वर गेलो. काकू पूर्वेच्या खिडकीत बसल्या होत्या, केस मोकळे, वाऱ्यावर. ऐकून हसल्या. "स्वयंपाकघर? ते म्हणावं तुम्हीच ठेवा." मी खाली येऊन सांगितलं. काका भाताचं पातेलं घासत होते. म्हणाले, "मग माझ्याकडे द्यायला उरलंच काय?" जेवायला थांबलो. आमटी अळणी होती. भात अळणी होता. काकांना त्यांच्या घरात मीठ कुठे असतं हे ठाऊक नव्हतं आणि वर विचारायला मान खाली घालावी लागणार होती. मिठावरच्या करावर जन्मभर बोललेला हा माणूस दिवसच्या दिवस बिनमिठाचं जेवला. शेवटी एका संध्याकाळी मी वर जाऊन हे सांगितलं, तशी काकूंनी खिडकीतून खाली आवाज दिला. "चहाच्या डब्यामागं, चिनी मातीच्या बरणीत आहे." मग बरणीचं झाकण वाजल्याचं आम्ही दोघांनी वर ऐकलं. काकूंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "यांना सांगू नको हं."

मुंबईला जायचा दिवस काकांनी रद्द केला नव्हता. सकाळी जीप दारात आली. काकांचा भाऊ, तोच, ज्याच्यापासून ते स्वतंत्र झाले होते, मुद्दाम आला होता. अध्यक्षही आले. "बाई माणूस घाबरतं," अध्यक्ष म्हणाले. "दोघं धरा, गाडीत बसवा. उद्या तीच आभार मानील." भाऊ म्हणाला, "तू नवरा आहेस की कोण आहेस? तिथं वर ती मरेल, आणि लोक म्हणतील हा बघत बसला." काका जिन्याकडे वळले. हातात रिपोर्टांची पिशवी. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला. वर दार बंद होतं, पण काकू दारामागे उभ्या आहेत हे फटीतून दिसत होतं. त्या आडदांड माणसांसमोर त्यांच्यात दाराला टेकून राहण्याइतकीही ताकद नव्हती. कडी लावलेली नव्हती. मला वाटलं, आता जातील. कोणीही गेला असता. प्रेमानंच गेला असता.

पेठकडचा जीपवाला हॉर्नवर हात ठेवून होता. "काका, जायचं का नाय? गाडी हाय उभी."

काकांनी पाय मागे घेतला. "तिनं कारणं दिली आहेत," ते भावाला म्हणाले. "माझ्याकडे उत्तर असतं तर त्या दिवशीच दिलं असतं. हद्द आहे ही." मग जीपवाल्याकडे वळून म्हणाले, "जा बाबा तू." भाऊ थुंकला आणि गेला. अध्यक्ष मात्र थांबले. त्यांना वाटलं होतं चहा मिळेल.

त्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी जिन्याखाली उभे राहत आणि विचारत, "येऊ का?" वरून उत्तर येई, "आज नको." काका म्हणत, "बरं," आणि आत जात. दुखणं वाढलं तशी एक नर्स यायला लागली, दूधवाल्याची बहीण दोन वेळा पेज करून द्यायला लागली, मी पुस्तकं नेऊन देई, काका जिन्याखालीच. आणि एकदा, उन्हाळ्यात, "येऊ का?" म्हटल्यावर वरून आलं, "या." काकांनी चपला पहिल्या पायरीखाली काढल्या, शर्टाचं वरचं बटण लावलं. मी वरच होतो. दारात येऊन ते थांबले. आपल्याच घराच्या खोलीत त्यांनी विचारलं, "बसू कुठे?" काकूंनी नर्सकरवी चहा करवला. बिनआल्याचा. काका पूर्ण कप प्यायले आणि म्हणाले, "बरा असतो की." काकू म्हणाल्या, "आता कळलं?" त्या दिवशी ते एकमेकांशी आणखी काय बोलले मला माहीत नाही. मी गच्चीवर गेलो. काही गोष्टींना पंच लागत नाहीत.

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. वरच्या खोलीत, पूर्वेची खिडकी उघडी असताना. शेवटचे दिवस सोपे नव्हते, आणि मुंबईला गेलं असतं तर काय झालं असतं हे काकांना रोज कोणीतरी ऐकवत होतं. स्मशानातही भावानं ऐकवलं. काका उभं राहून ऐकत.

पुढच्या सव्वीस जानेवारीला अध्यक्षांचा कुर्ता तोच होता, देशही त्यांनी तसाच महान केला. काकांनी माइकवर टकटक केली आणि लोक सवयीनं जिलेबीकडे वळले. प्रतिज्ञा झाली. काका बाजूला झाले नाहीत. "दुसरा," म्हणाले. आणि काकूंची कारणं त्यांनी एकेक करून, पाठ, म्हटली. खिडकी मी बंद ठेवली. आलं मी टाकायला लावलं. मूल घ्यायचं नाही हे मी ठरवलं. डॉक्टर माझ्याशी बोलले. टेबलाकडे कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं, बहुतेकजण खात राहिले. मग काका म्हणाले, "तिसऱ्या मुद्द्यात अतिशयोक्ती नव्हती. नोंद व्हावी." नोंद करणारं तिथं कोणी नव्हतं.

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. वरच्या खोल्या त्यांनी पुन्हा भाड्यानं दिल्या नव्हत्या. जिन्यापाशी आल्यावर ते थांबले, चपलेतून एक पाय काढला आणि वर पाहून विचारलं, "येऊ का?" खिडकी उघडी होती, पडदा हलत होता. मीही त्यांच्याबरोबर वर पाहत उभा राहिलो. माणसाला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ काकांनी जाऊ दिला. मग म्हणाले, "बरं," आणि चपलेत पाय घालून आत गेले.