शोभाक्कांची ढील

नव्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की शोभाक्का पर्समधून सुतळीचा गुंडा काढायच्या. स्क्रीनची भिंत कुठे उभी राहणार, दरवाजा कसा चुकवायचा, हे त्या आधी सुतळी लावून बघत आणि मगच वायर कापत. रहिमतपूरच्या एका कार्यालयात आम्ही चहा पिऊन येईपर्यंत वऱ्हाडातल्या बायकांनी त्या सुतळीवर ओले टॉवेल वाळत घातले होते. अक्कांनी टॉवेलसकट माप घेतलं.

सांगलीत आमचं दोघांचं हे लग्नकार्यात स्क्रीन जोडून एका मोठ्या चित्राची भिंत उभी करायचं दुकान. अक्कांचे यजमान, म्हणजे आमचे साहेब, फौजेत हवालदार, त्यामुळे घर आणि दुकान दोन्ही अक्काच चालवत. मापापेक्षा जास्तीची वायर सोडून तिचं वेटोळं त्या प्रत्येक स्क्रीनमागे टांगून ठेवत. बिघडलेला स्क्रीन पुढे ओढून काढावा लागतो आणि ताणलेली वायर अशा वेळी निसटते. मी एकदा नासाडीबद्दल कुरकुरलो, तेव्हा म्हणाल्या, "संज्या, वायर म्हंजे सासरला दिल्याली पोर. माहेरला यायपुरती ढील ठिवावी लागती रं."

मग त्यांच्याच लेकीचं, अश्विनीचं, लग्न कडेगावच्या एका कार्यालयात करायचं ठरलं आणि साहेबांची सुट्टी ऐनवेळी नामंजूर झाली. अक्का म्हणाल्या, "लग्नात बाप दिसला पायजे. भिंत उभी करू." नऊ स्क्रीनची भिंत आणि तिच्यावर व्हिडिओ कॉलने साहेब, असं ठरलं.

इथे अक्कांची मती फिरली. वेटोळी दिसली तर व्याही काय म्हणतील, म्हणून त्यांनी एकूण एक वायर ताणून, पट्ट्या मारून चापूनचोपून बसवली. मी ढिलीची आठवण करून दिली तर आजच्या दिवस गप बस म्हणाल्या.

अक्षता वाटून झाल्या आणि भिंतीवर साहेब उगवले. वर्दीत, हातात फौजेच्या लंगरमधून मागून आणलेले मूठभर तांदूळ. पहिल्या मंगलाष्टकालाच कुणाचा तरी धक्का लागला आणि मधल्या स्क्रीनची वायर निसटली. साहेबांची टोपी राहिली, दोन्ही कान राहिले, तांदूळ राहिले, तोंड तेवढं गेलं. हॉल हसायला लागला. अश्विनीचे डोळे भरले आणि मला त्या हसणाऱ्यांचा भयंकर राग आला.

वळून बघतो तर अक्का जागेवर नाहीत. शालू खोचून त्या भिंतीमागच्या बोळात शिरल्या होत्या. वायर इतकी तंग की हाताने दाबून धरली तरच चित्र येई. मी धरतो म्हणालो, पण आत दोघांना जागा नव्हती. साहेबांचं तोंड मिशीसकट परत आलं आणि अक्का तशाच उभ्या राहिल्या.

हार घातले गेले. साहेबांनी तिकडे तांदूळ उधळले, लेकीला डोळे भरून पाहिलं आणि मग विचारलं, "अश्विनीची आई कुठं हाय? दिसंना ती."

भिंतीमागून आवाज आला, "हितंच हाय की. आवं, तुमचंच तोंड धरून उभी हाय."

साहेब हसले ते नऊही स्क्रीनभर. मी एक मूठ अक्षता भिंतीमागे टाकल्या.

आता साहेब निवृत्त झालेत आणि अक्का त्यांच्याबरोबर गावाकडे ऊस बघतात. सुतळीचा गुंडा माझ्याकडे आहे. मध्यंतरी म्हसवडला अश्विनीच्या सासरी गेलो, तर लग्नातला एक फोटो भिंतीवर मोठा करून लावलेला. पुढे नवरानवरी, मागे स्क्रीनवर हसणारे साहेब. सासूबाई हळहळल्या, की ह्यात पोरीची आई तेवढी यायची राहिली.

अश्विनी म्हणाली, "न्हाई वो आत्या. दोघं बी हायत त्यात."