पिठीत काय घातलं होतं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर सुरुवात कुठून करायची हेच कळत नाहीये. माझी चूक नेमकी कोणती, हे मला अजून धड ठरवता आलेलं नाही. एकच आहे की दोन? की पहिलीच्या पोटातूनच दुसरी निघाली?

आधी पिठीबद्दल सांगते. ते सोपं आहे.

पिठी म्हणजे कुळथाची. आमच्या वसईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती सासूबाईंबरोबर कोकणातून आली; मी त्यांना आईच म्हणायचे. भरपूर लसूण, मिरची, दोन आमसुलं, आणि खाली गरम मऊ भात. कुणाला ताप येवो, कुणी परीक्षेत नापास होवो — आई पिठी टाकायच्या. सर्दीला आल्याचा रस आणि मध, पोटदुखीला ओवा, खोकल्याला सुंठ-गूळ. त्यांचा सगळा दवाखाना मसाल्याच्या फळीवर. आणि गुण यायचा हो, खोटं कशाला बोलू? मी शाळेत विज्ञान शिकवायचे, तरी नाक चोंदलं की गरम ओव्याची पुरचुंडी मीच मागून घ्यायचे.

घोळ झाला तो बीपीमुळे. डॉक्टरांनी आईंना रोज एक गोळी लिहून दिली. 'घेते हो,' म्हणायच्या. महिन्याभराने मी तुळशीची माती उकरायला गेले तर आत गोळ्या — वीसेक तरी असतील. आमच्या तुळशीचं बीपी तेवढं उत्तम असणार! नवरा चिडला, आई रुसल्या, दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. लसूण घातलेली पिठी रोज खाल्ली की बीपी आपोआप उतरतं, आपली आई त्यावरच म्हातारी झाली, हे त्यांचं एकच पालुपद.

मग मी एक गोष्ट केली. संध्याकाळी खलबत्त्यात लसूण ठेचताना त्यात ती गोळी टाकायला लागले. आईंची वाटी वेगळी काढायची आणि तो लसूण त्यांच्या वाटीत ढवळायचा. लसणापुढे गोळीची काय चव लागणार? नवऱ्याला म्हटलं, 'समजावलंय मी, घेतात आता.' त्याने पुढे विचारलं नाही.

ही चूक होती का? मला खरंच कळत नाही. एखाद्या बाईला तिच्या नकळत औषध घालायचं — तेही तिने विश्वासाने पुढे केलेल्या वाटीत. पण त्या जगल्या ना? महिन्याने बीपी अगदी जागेवर आलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नियमित घेता, छान. रिक्षात बसल्यावर आई माझ्या मांडीवर थाप मारून इतक्या हसल्या! मीही हसले. मनातल्या मनात तर जास्तच हसले. केवढी हुशार मी!

पुढचं सांगताना मात्र माझी जीभ अडखळते.

बरं झाल्यावर आई गप्प थोड्याच बसणार? पिठीची कीर्ती आधी आमच्या मजल्यावर पसरली, मग बिल्डिंगभर. आणि मग ती फिलोमिनामावशींपर्यंत पोचली. मावशी जवळच्याच गिरीज गावच्या. घरची वाडी. बुधवारी आणि शनिवारी टोपलीत केळी, अळू, भेंडी घेऊन आमच्याकडे यायच्या. घरात त्यांची बोली वेगळी, पण आमच्याशी आमच्यासारखंच बोलायच्या. भाजी देऊन झाली की दारातल्या पाटावर बसून चहा, आणि आईंशी तासभर गप्पा. एक माळ जपणारी, एक पोथी वाचणारी — पण दुखण्यांच्या बाबतीत दोघींचं गोत्र एकच. मावशींनाही बीपी होतं. त्याही गोळी घ्यायच्या.

एका बुधवारी मी स्वयंपाकघरात होते. मावशींचा आवाज आला, "ताई, गोळ्या सोडल्या मी. पंधरा दिवस झाले. रोज तुमची पिठीच खाते."

आई म्हणाल्या, "बघा, हलकं वाटतं की नाही!"

माझ्या हातात खलबत्ता होता. त्यात आईंची त्या दिवशीची गोळी होती, अजून न फुटलेली. दार सात-आठ पावलांवर. एवढंच म्हणायचं होतं — मावशी, पिठीने नाही हो, गोळीने. एक वाक्य. पण ते बोलले असते तर आईंना कळलं असतं, त्यांच्याच मैत्रिणीसमोर. पुन्हा कधी त्यांनी माझ्या हातचं खाल्लं असतं का? असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. आता वाटतं, आईंची काळजी नव्हतीच ती. मला 'खोटारडी' म्हणवून घ्यायचं नव्हतं. की दोन्ही होतं? मूग गिळून बसतात म्हणतात — मी कुळीथ गिळले.

जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले, हे खरं. 'डॉक्टरांना विचारून घ्या हं मावशी,' एवढंच पुटपुटले. त्या टोपली डोक्यावर घेत म्हणाल्या, "बाय, तुझी सासू माझ्या डॉक्टरपेक्षा हुशार!" आणि उतरून गेल्या. मी परत आले, गोळी ठेचली आणि पिठीला फोडणी दिली.

महिनाभर त्या येत राहिल्या. आठ-नऊ वेळा तरी आल्या असतील. प्रत्येक वेळी मी 'आज सांगते' म्हटलं आणि भेंडी निवडून घेतली. मग एका शनिवारी टोपली घेऊन त्यांची सून आली. मावशींचं उजवं अंग गेलं होतं.

गोळ्या सोडल्यामुळेच गेलं का? कोण सांगणार? घेत असत्या तरी गेलं असतं कदाचित. या 'कदाचित'ला मी कितीदा तरी लटकून पाहिलंय. तो माझा भार पेलत नाही.

आई हळहळल्या. म्हणाल्या, रोज खाल्ली नसेल तिने, मध्ये खंड पडला असेल. आई गेल्या तेव्हाही, तीन वर्षांपूर्वी, स्वतःच्या पिठीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मी तो मोडला नाही. यालाही चांगलं म्हणायचं की वाईट?

आता दर रविवारी, त्यांच्या घरचे चर्चमधली मिसा आटोपून आले की मी गिरीजला मावशींकडे पिठीचा डबा घेऊन जाते. त्या डाव्या हाताने चमचा धरतात, अर्धं सांडतं, मी पुसते. सून म्हणते, रक्ताचं माणूस करणार नाही एवढं तुम्ही करता. ते ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटतं.

गेल्या रविवारी मावशी खाता खाता थांबल्या. हल्ली शब्द जड येतात त्यांचे. म्हणाल्या, "बाय, एक विचारू? ताईंना लागू पडली, मला नाही. मीच काहीतरी घालायला विसरले असणार. ताईंच्या पिठीत तू आणखी काय घालायचीस?"

त्यांना माझा संशय नव्हता हो. चूक स्वतःची समजत होत्या. इतकी वर्षं ती शोधत होत्या.

सून मागच्या दारी केळीची पानं कापत होती. खोलीत आम्ही दोघीच. आई नाहीत. रुसायला, वाटी दूर सारायला आता कुणीच नाही.

मी त्यांच्या हनुवटीवरची पिठी पुसली आणि म्हटलं, "काही नाही मावशी. लसूण जरा जास्त ठेचायचा."