वहिनींचं शिवणाचं मिशन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी थोरल्या वहिनींकडे बोट दाखवतो. आईवडिलांनी जन्म दिला, मास्तरांनी अक्षर दिलं, ते खरंच. पण आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी, आणि ते तोंड मला वहिनींनी वळलेल्या दोऱ्याने दाखवलं.

आमचं काम चामड्याचं. कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीला वडील विहिरीच्या मोटा शिवत. विहिरींवर इंजिनं बसली, मोटा थांबल्या, आणि वडील गेल्यावर थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, बिऱ्हाड सोलापुरात शुक्रवार पेठेच्या मागच्या गल्लीत आणलं. तिथे तो यंत्रमागाचे पट्टे शिवू लागला. मागावर धोटा इकडून तिकडे मारणाऱ्या दांडीला चामड्याचा जाड पट्टा लागतो. तो तीन पदरी असतो आणि शिवण कच्ची असेल तर उसवून येतो. हाताच्या कामात सुई नव्हतीच. सरळ टोकाच्या आरीने भोक पाडायचं, मेणाने ताठ केलेली दोऱ्याची दोन टोकं समोरासमोरून ओवायची आणि आवळायची.

आरी पुरुषांची आणि दोरा बायकांचा, अशी आमच्यात वाटणी होती. वहिनी दुपारी उंबऱ्याजवळ बसत, सुताचे पदर नडगीवर ठेवत आणि तळहाताने पुढे ढकलत. पीळ बसला की दोरा मेणाच्या गोळीवरून ओढत. मी कॉलेजातून आलो की त्या लुगडं खाली ओढून घेत. तरी एकदा मला दिसलंच. उजव्या नडगीवर वीतभर कातडी गुळगुळीत होऊन चकाकत होती, पितळेच्या भांड्यासारखी. घरच्या कामापुरता दोरा त्या सकाळीच संपवत. दुपारचा दोरा बाहेरच्या कारखान्यांचा असे, आणि त्याचे पैसे माझ्या फीचे.

मी बी.ए. झालो आणि माळशिरसला हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो. त्याच वर्षी दादाचा उजवा अंगठा गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण आरीची मूठ धरली की आपोआप सुटायचा. डॉक्टरांनी आरी सोडायला सांगितली. मिलमधल्या एका ओळखीच्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, दादाला गेटवर पहारेकऱ्याची जागा देऊ केली. हो की नाही ते दिवाळी झाली की सांगायचं होतं.

दादा मला म्हणाला, "हातात काटी घिऊन दुसऱ्याचं दार राखायचं. आपल्या बापानं कुनाचं दार राकलं न्हाई."

म्हणून मशीन आलं. दुष्काळ सरून पाऊस झाला त्या वर्षीची दिवाळीची सुट्टी होती. शहरातला एक बॅगांचा कारखाना बंद पडला होता. त्याचं चामडं शिवायचं जुनं, अवजड मशीन दादाच्या साठवणीतून आणि माझ्या पगारातून आम्ही घेतलं. एका कारखानदाराने नमुन्याचे पट्टे मागितले होते. ते मशीनवर नीट शिवले गेले तर काम घरात राहणार होतं, नाहीतर दादा गेटवर उभा राहणार होता. एवढं सगळं त्या काळ्या बिडाच्या धुडावर होतं.

हातगाडीवरून ते दारात उतरलं तेव्हा गल्ली जमली. आई म्हणाली, "हे शिवाय आनलंय का ऊस गाळाय?"

आत नेताना चौकटीचा एक टवका उडाला. स्टँडवर चढवून दादाने पायडल दाबलं, तर मशीन शिवायच्या आधी चालायलाच लागलं. शेणाने सारवलेली जमीन, तिला उंचसखल फार. प्रत्येक दाबासरशी ते ठकठक करत भिंतीकडे सरकायचं. मग आम्ही दोन शहाबादी फरश्या आणून पायांखाली बसवल्या. वहिनींनी परात भरून पाणी आणलं आणि मशीनच्या फळीवर ठेवलं. पाणी ज्या काठाकडे जाईल त्याच बाजूच्या पायाखाली चामड्याचे कातरे घालायचे. असं करत करत पाणी परातीत सारखं उभं राहिलं.

चाकावरचा पट्टा कुजलेला होता. दादा खुशीत आला. "चला, हितं तर आपली गरज हाय." त्याने चामडं कापायची रापी डाव्या हातात धरून चामड्याची लांब वादी काढली, तिची टोकं जोडली आणि चाकावर चढवली. जुनं ग्रीस मी रॉकेलने धुतलं. आईने मशीनच्या कपाळावर, म्हणजे जिथे तिला कपाळ वाटलं तिथे, विभूतीची तीन बोटं ओढली.

दोरा अर्थातच वहिनींचा. मशीनसाठी म्हणून त्यांनी मुद्दाम बारीक, एकसारखा दोरा वळून ठेवला होता, मेणही बेताने लावलेलं. दादाने तो ओवला, चामड्याचे दोन पातळ कातरे सुईखाली सरकवले आणि पायडल मारलं. चार टाके आले. पाचव्याला दोरा तुटला.

पुन्हा ओवला. पुन्हा तुटला. सुई बदलली, ताण सैल केला, तेल दिलं, तरी तुटायचाच. दादाचा पारा चढला.

"भंगार हाय भंगार! धाकल्या, तू बी.ए. झाला न्हवं? सांग त्याला इंग्रजीत कायतरी!"

"दादा, त्याला मराठीत तू एवढं बोललास, अजून काय राहिलंय?" मी म्हणालो.

वहिनी हसल्या नाहीत. त्या मशीनजवळ वाकून नुसत्या दोऱ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, सावकाश फिरवा चाक. हातानं."

मी फिरवलं. सुईच्या वरच्या बाजूला, जिथे दोरा ताणातून येतो तिथे, त्यांनी बोट लावलं. "अय्यो शिवा. हितं बगा. फुगलाय."

खरंच फुगला होता. एकच जागा सुईच्या नेढ्यातून पुन्हा पुन्हा वरखाली होत होती आणि दर खेपेला तिचा पीळ थोडा उकलत होता. शेवटी सुताचे पदर सुटे होऊन झिजत आणि तुटत.

"मिशन माझा पीळ सोडतंय," वहिनी म्हणाल्या. "मी फुडं वळते, ते मागं फिरवतंय."

त्या उठून उंबऱ्याजवळ गेल्या. आमच्याकडे पाठ करून बसल्या आणि दोरा वळू लागल्या. पण या वेळी हात पुढे जात नव्हता, नडगीवरून मागे, स्वतःकडे येत होता. इतक्या वर्षांची सवय मोडताना त्यांचा खांदा दर वळणाला अडखळत होता. चारपाच हात उलट्या पिळाचा दोरा झाल्यावर त्यांनी तो आणून दिला.

दादाने ओवला. टाके पडू लागले. पाचवा पडला, सहावा पडला आणि दोरा संपेपर्यंत टाके पडत राहिले. कातरे उलटून पाहिले तर खालीही वरच्यासारखीच शिवण.

"आता कळलं की," वहिनी म्हणाल्या. "बाजारातनं उलट्या पिळाची रिळं आना. हे मिशन लई खातंय, माझ्या हातानं त्याला पुरवठा व्हयाचा न्हाई."

त्या हे सहज बोलल्या. नडगीवरचं लुगडं त्यांनी खाली ओढलं आणि मेणाची गोळी उचलून डब्यात ठेवली. मी त्या डब्याकडे पाहत राहिलो. ज्या कामावर मी शिकलो त्याची आमच्या घरातली गरज त्यांनी स्वतःच शोधून काढलेल्या गोष्टीने संपली होती, आणि हे आमच्या आधी त्यांना समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रिळं आणली. कारखानदाराने सांगितलेल्या मापाचे पट्टे दादाने कापून, चिकटवून तयार ठेवले होते. पण आता वेगळीच अडचण आली. तीन जाड पदरांतून सुई पहिल्यांदा आरपार जाताना नुसतं पायडल पुरत नसे. उजव्या हाताने वरचं चाक घट्ट धरून ओढावं लागे. दादाचा अंगठा चाकावरून सुटायचा. चाक उलट झटका द्यायचं, खाली दोऱ्याचा गुंता व्हायचा. त्याने दात आवळून किती वेळा केलं ते सांगत नाही. शेवटी हात काखेत दाबून तो भिंतीला टेकून बसला.

"मास्तर," तो मला म्हणाला. त्याने मला मास्तर म्हटलं की समजावं की तो हरलाय. "तुजी सुट्टी हाय तवर तू शिवशील. फुडं?"

मग वहिनी मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसल्या. नुसत्या बसल्या, हात मांडीवर.

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "उट."

"आत्याबाई..."

"उट म्हंते. आरीच्या जागंवर बाईमानूस बसत न्हाई. आपल्यात कदी कोन बसलं न्हाई."

हे खरं होतं. वडिलांचा शिवायला बसायचा पाट अजून कोपऱ्यात होता. त्यावर आरी ठेवलेली असायची, आणि ती आरी बायका ओलांडतही नसत. झाडताना वहिनी पाटाभोवती झाडत.

वहिनी उठल्या नाहीत. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यात आरी कुटं हाय, आत्याबाई? शिवणाचं मिशन हाय हे. शिवणाला बायाच बसत्यात की."

"त्या झंपर शिवत्यात. हे कातडं हाय."

"मग मी जलमभर दोरा कशासाटी वळला? फुलांच्या हारासाटी?"

दादा फस्सकन हसला आणि आईने डोळे वटारताच गप्प झाला. आई आत आली. मशीनपुढे वाकली. सुईकडे बराच वेळ पाहिलं. त्या सुईचं टोक गोल नसतं, चामडं कापत जावं म्हणून पात्यासारखं घासलेलं असतं. हुबेहूब आरीचं टोक. आईच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं.

"ही तर आरीच हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू शिकल्याला हाईस. खोटं बोलू नगंस. ही आरी का सुई?"

वहिनी माझ्याकडे पाहत नव्हत्या. मला सुई म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आई खोटं ओळखते, आणि खोट्यावर बसवलेली जागा वहिनींना टिकली नसती. मी म्हणालो, "भोक आरीवानी पाडती, आई. पर दोरा बी तीच नेती, आरपार."

आई थबकली. तिने कोपऱ्यातल्या पाटाकडे पाहिलं. वडिलांच्या शेजारी बसून तिनेही उभा जन्म दोरा वळला होता.

"आरी दोरा न्हेत न्हाई," ती हळूच म्हणाली.

"न्हाई."

"भोक पाडून म्हागारी येती. रिकामी."

"व्हय."

"दोरा न्हेती ती सुई." आईने मान हलवली, जणू हे तिने स्वतःलाच समजावलं. "बस मग. पर त्या पाटावर बसायचं न्हाई, सांगून ठिवते. स्टुलावरच."

"पाटावरनं पाय तरी पोचंल का माजा?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पायडलवर पाय ठेवला.

त्यांनी चाक धरलं. इतकी वर्षं दोरा ओढून ओढून कसलेला तो पंजा, त्याच्यापुढे चाक काही करू शकलं नाही. सुई तीन पदरांतून खाली गेली आणि वर आली. दादा मागे उभा राहून पट्टा झेलू लागला.

"मालकीनबाई, वाकडं चाललंय."

"तुमी वडू नका म्हंजे वाकडं जायाचं न्हाई. मिशन वडतंय की त्याचं त्याला."

सुट्टी संपून मी माळशिरसला परतलो. काही दिवसांनी दादाचं कार्ड आलं. कारखानदाराने पट्टे मागावर चढवून पाहिले, एकही उसवला नाही, आणि पुढचं काम दिलं. जॉबरला दादाने नाही म्हणून कळवलं होतं.

तोवर घरी माझी पत्रं दादाच्या नावाने जात, आणि शेवटी एक ओळ असे, 'वहिनींस नमस्कार.' या वेळी पाकिटावर मी वहिनींचं नाव घातलं. पोस्टमनने गल्लीत त्याच नावाने हाक मारावी, असं मला वाटत होतं. त्यांची चौथीपर्यंतची शाळा कानडी. मराठी त्या माझ्या पुस्तकांवरून बोट फिरवत वाचायला शिकलेल्या. म्हणून अक्षर मोठं काढलं. पत्र असं होतं :

ती. सौ. वहिनींस,

साष्टांग नमस्कार.

दादाचं कार्ड पोचलं. वाचून मी वर्गात जाण्याआधी थोडा वेळ एकटाच व्हरांड्यात उभा राहिलो.

मशीनला दर रविवारी तेल द्या. तेल दिल्यावर आधी कातऱ्यावर थोडं शिवून बघा, नाहीतर पट्ट्यावर डाग पडेल. सुईचं टोक बोथट वाटलं तर लगेच बदला, काटकसर करू नका. दादाला सांगा, मागून ओढू नकोस.

तुम्ही वळलेल्या जुन्या दोऱ्याची एक गुंडी मी न विचारता ट्रंकेत घालून आणली आहे. इथे मी मुलांच्या वह्यांचे गठ्ठे त्याने बांधतो. गाठ सुटत नाही. शिपाई विचारत होता, असा दोरा कुठे मिळतो. मी म्हटलं, आता मिळत नाही. ज्यांनी वळला त्या आता मशीनवर बसतात.

या दोऱ्यावर मी शिकलो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणून लिहिलं.

नडगीला खोबरेल लावत जा. आता तिला विश्रांती आहे.

आईला पाया पडतो म्हणून सांगा. आणि या पत्राचं उत्तर दादाकडून लिहवून घेऊ नका, तुम्ही लिहा. कानडीत लिहिलंत तरी चालेल. दुधनीची चार अक्षरं मलाही येतात, अडलं तर सुट्टीत येऊन तुम्हालाच विचारीन.

आपला धाकटा दीर