दराब्याचा डबा

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, कारखान्यात नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवी होती त्या नाना महाजनांनाही नाही. ती त्यांना ठाऊक होती हे मला फार उशिरा कळले. पण त्यांना ठाऊक असणे वेगळे, आणि मी तोंड उघडून सांगणे वेगळे.

नाना भेटले की आधी तोंडाकडे पाहत नसत, हातांकडे पाहत. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी नमस्कार करायला वाकलो, तर म्हणाले, "पाय राहू दे. पहिले हात दाखव." मी हात पुढे केले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात उलटेसुलटे करून पाहिले, नखे पाहिली, तळव्याचा वास घेतला.

"सकाळी डोक्याला खोबरेल लावलंस."

"हो."

"हात पुसले का धुतले?"

"पुसले."

"मग आज तू बाहेर बसून चहा पी. उद्या ये, धुऊन."

माझ्या नोकरीचा पहिला दिवस असा वॉचमनच्या खोपटाशेजारी बाकावर गेला.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतला तो छोटासा कारखाना होता. पत्र्याची शेड, पण आत एक खोली अशी की जिथे धूळही विचारून यायची. तिला आम्ही क्लीन रूम म्हणायचो. रॉकेटच्या इंजिनात बसणारे व्हॉल्व्ह तिथे धुऊन, तपासून, पिशवीत बंद व्हायचे. त्या इंजिनात ऑक्सिजन इतका थंड केलेला असतो की तो पाण्यासारखा वाहतो. तिथे तेलातुपाचा पुसटसा अंशही चालत नाही. एरवी निमूट बसून राहणारा डाग त्या ऑक्सिजनमध्ये पेट घेतो आणि धातूलाही पेटवतो. असले इंजिन बाहेरून मिळणार नाही हे कळल्यावर देशाने ते स्वतः शिकायला घेतले होते. त्या शिकण्याचा तळहाताएवढा तुकडा आमच्या शेडपर्यंत आला होता, आणि नाना त्याचे राखणदार होते.

ते बऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरचे. घरी केळीच्या बागा. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही, म्हणून तिकडे प्रत्येक घरात बागेत जायचे कपडे वेगळ्या खुंटीवर असतात. नाना नव्या माणसाला क्लीन रूमचे नियम असेच समजावून सांगत. "बागेतला शर्ट घालून कोणी लग्नाच्या पंगतीत बसतं का? मग? हे व्हॉल्व्ह म्हणजे नवरदेव समज. तू कुठून आला, काय खाऊन आला, त्याला काहीच मालूम पडलं नाही पाहिजे."

मी नेपानगरचा. वडील जळगाव जिल्ह्यातून तिथल्या कागद कारखान्यात कामाला आले आणि तिथलेच झाले. बऱ्हाणपूर-नेपानगर म्हणजे अर्ध्या तासाची वाट, तेव्हा नाशिकमध्ये आम्ही दोघे एकाच गावचे ठरलो. शेडमध्ये बाकी कोणाला आमची बोली कळायची नाही. जेवणाच्या सुट्टीत नाना माझ्याशी मोकळे बोलायचे. "काय करून राहिला, नेपावाले?" ही त्यांची हाक. आणि मी तपासणीच्या कार्डावर घाईने सही केली की ठरलेला टोमणा: "कागद करणाऱ्यांची पोरं तुम्ही! दिसला कागद की कर सही!"

कार्डावर दोन सह्या लागत. पहिली, ज्याने व्हॉल्व्ह धुतला आणि जांभळ्या दिव्याखाली फिरवून पाहिला त्याची. त्या दिव्यात तेलकट डाग चमकतो. दुसरी नानांची, आणि ते स्वतः पुन्हा दिव्याखाली पाहिल्याशिवाय करत नसत. मालक खोळंबलेले असोत, ट्रक भोंगा वाजवत असो. "जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही," एवढेच म्हणायचे, आणि दिवा लावायचे.

उपग्रह सुटायचा असला की ऑफिसातल्या टीव्हीसमोर सगळे गोळा व्हायचे. रॉकेट उठले की आम्ही टाळ्या पिटायचो. नाना हात मागे बांधून उभे. कोणी म्हणाले, "नाना, वाजवा की!" तर म्हणत, "पोचू दे पहिले. निघाला त्याच्या कसल्या टाळ्या?" पंधरा-वीस मिनिटांनी उपग्रह सुटा होऊन आपल्या जागी गेल्याचे सांगितले जाई. तोवर आम्ही पांगलेले असायचो. नाना मात्र तिथेच असायचे. तेव्हा ते दोनदा टाळी वाजवायचे. दोनदाच.

गावी जाऊन आले की ते दराबा आणायचे. बऱ्हाणपूरचा दराबा म्हणजे रवा, साखर आणि तूप, हलके होईपर्यंत फेटलेले. हातात घेतला की बोटे तुपाने माखतात. स्वतः नखभर खायचे आणि डबा आमच्यासाठी ठेवायचे, तोही फाटकापाशी, वॉचमनच्या खोपटात. "खायचं तर तिथं खा. नळ शेजारीच आहे." खाण्याची कोणतीही वस्तू त्या नळाच्या अलीकडे येता कामा नये, हा त्यांचाच नियम होता.

त्या दिवशी दोन व्हॉल्व्ह दक्षिणेतल्या चाचणी केंद्राकडे रवाना व्हायचे होते. मी सकाळपासून उपाशी होतो. नाना मालकांबरोबर बैठकीत होते. मी फाटकाकडे गेलो, वॉचमन चहाला गेला होता, आणि तिथे उभे राहून खायला वेळ नव्हता म्हणून डबा उचलून सरळ कपडे बदलायच्या खोलीत आणला. दोन घास खाल्ले. डबा नानांच्या कपाटात सारला. हात रुमालाला पुसले.

धुतले नाहीत. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

त्याच हातांनी मी हातमोजे चढवले. स्वच्छ हातमोजे तुपकट बोटांनी ओढले की तूप त्यांच्या बाहेरच्या बाजूला लागते, हे नानांनी मला शंभरदा करून दाखवले होते. ट्रक उभा होता. दिवा तापायला पाच मिनिटे लागत. मी तो लावलाच नाही. कार्डावर सही केली. नाना बैठकीतून धावत आले, म्हणाले, "पाहिलंस ना नीट?" मी म्हणालो, "पाहिलं, नाना." माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिले. त्या एका दिवशी हातांकडे पाहिले नाही. आपला गाववाला सांगतो आहे म्हणून त्यांनी आयुष्यात एकदा न पाहता सही केली.

चाचणीत दोनांपैकी एक व्हॉल्व्ह उघडताक्षणी पेटला. माणसे लांब होती, कोणाला इजा झाली नाही. पण व्हॉल्व्ह वितळला, पुढची नळी जळाली, इंजिनाची चाचणी कित्येक महिने लांबली. दुसरा व्हॉल्व्ह त्यांनी न वापरता उघडून पाहिला. त्यात तूप सापडले.

चौकशीला मालक आणि बाहेरून आलेले दोघे बसले. टेबलावर दराब्याचा डबा ठेवला होता, नानांच्या कपाटातून काढलेला. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. "हा आत कोणी आणला?" विचारले गेले. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी फरशीकडे पाहिले. फरशी फार स्वच्छ होती.

"डबा माझा आहे, साहेब," नाना म्हणाले.

"आणि ही सही?"

"तीही माझीच. न पाहता केली."

ते एक अक्षरही खोटे बोलले नाहीत. अहवालात लिहिले गेले की क्लीन रूमच्या प्रमुखाने खाद्यपदार्थ आत आणला आणि तपासणी न करता सही केली. आठवडाभरात नाना बऱ्हाणपूरला परत गेले. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही. हाताकडे पाहिले मात्र नाही.

वर्षभराने काम पुन्हा सुरू झाले. त्यांच्या जागेवर मला बसवले. आता नव्या माणसाला "हात दाखव" असे मी म्हणतो.

नाशिकहून नेपानगरला जाताना बऱ्हाणपूर आधी येते. बारा वर्षे मी गाडीत बसून ते स्टेशन जाऊ दिले. खिडकीतून केळीच्या बागा दिसायच्या, मी पेपर वाचल्याचे दाखवायचो. एका वर्षी आमचा व्हॉल्व्ह असलेले इंजिन वरच्या टप्प्यात बसवलेले रॉकेट सुटायचे होते. मला सुटी होती. मी उतरलो.

शनवारा पेठेत एका दुकानावरच्या दोन खोल्यांत नाना राहत. बायको आधीच गेली होती. मुलगी सुनंदा खंडव्याला दिलेली, वर्षाकाठी एकदा यायची. मिठाई वाटायच्या नादात बापाने नोकरी घालवली आणि घराची शोभा केली, हा राग तिच्या मनात होता. बहादरपूरचे पुतणे तर चारचौघांत म्हणायचे, "काकांनी सरकारचं रॉकेट तुपात तळलं!" त्यामुळे नाना तिकडे जाईनासे झाले होते. हे सगळे मला खालच्या दुकानदाराने जिन्यात उभे राहून, हसत हसत सांगितले.

दुपारची वेळ. दार उघडे होते. नाना टीव्हीसमोर एकटे बसले होते, अंगात कारखान्याचा जुना निळा शर्ट, इस्त्री केलेला. मला पाहून उठले नाहीत. "ये, नेपावाले. वेळेवर आलास. दहा मिनिटं आहेत." जणू मी कालच भेटून गेलो होतो. खोलीत दुसरी खुर्ची होती. तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तो त्यांनी खाली ठेवला. किती दिवसांनी ठेवला कोणास ठाऊक, खाली खुर्चीचा मूळ रंग निघाला.

रॉकेट उठले. टीव्हीतले लोक टाळ्या वाजवत होते. आम्ही दोघांनी हात मांडीवर ठेवले होते. खालचे टप्पे गळून पडले, मग वरचे इंजिन पेटल्याचे सांगितले, तसे नाना अगदी हळू म्हणाले, "उघडला." व्हॉल्व्हबद्दल. त्या क्षणी तो उघडला हे जाणणारी आणि त्याची काळजी करणारी माणसे त्या शहरात आम्ही दोघेच असू. उपग्रह सुटा झाला. नानांनी दोनदा टाळी वाजवली. म्हणाले, "इतकी वर्षं एकट्यानंच वाजवतो. विचित्र वाटतं, बरं का. शेजारी समजतात मच्छर मारतो."

मग फडताळातून त्यांनी डबा काढला. दराबा. "हात धुऊन ये."

मी मोरीत साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. बाहेर आलो तर त्यांनी ते हातात घेतले, खिडकीपाशी नेले, उलटेसुलटे केले.

"त्या दिवशी पुसले होतेस ना?"

मी मान खाली घातली.

"मी डबा वॉचमनकडे ठेवला होता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरे झाले असते. "पायांनी चालत तर आत नाही आला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, नाना?"

"कोणी आणला ते मी कुठं पाहिलं होतं? न पाहिलेलं एकदा लिहून बसलो होतो, भाऊ. मग न पाहिलेलं दुसऱ्यांदा बोलू?" मग म्हणाले, "माझ्या सहीचं मी भोगलं. त्याचं काही नाही. तू कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग पोचलं नाही अजून," नाना म्हणाले, आणि माझ्या तळहातावर दराबा ठेवला. मी तो खाल्ला. संध्याकाळच्या गाडीने नेपानगरला गेलो. जाताना त्यांनी जिन्यातून विचारले, "पुढचं कधी सुटतंय?" मी म्हणालो, "कळवतो." कळवले नाही. त्यानंतर दोन सुटली.

दुसरे सुटले त्याच्या महिनाभरानंतर नाना गेले. तेराव्याला मी शनवाऱ्यात गेलो. टीव्हीसमोर दोन खुर्च्या तशाच होत्या, दुसरीवर गठ्ठा नव्हता. सुनंदाने निळा शर्ट घडी करून पिशवीत ठेवला होता, तो द्यायचा की ठेवायचा हे तिला ठरवता येत नव्हते. मला बाजूला घेऊन तिने विचारले, "काका, तुम्ही तिथंच होता ना? एकच सांगा मला. बाबांनी खरंच तो डबा आत नेला होता? मी त्यांना फार बोलले हो. ते कधी हो म्हणाले नाहीत, कधी नाही म्हणाले नाहीत."

मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट आहे, ताई."

ती मान हलवून पाहुण्यांना चहा द्यायला गेली.

हे तिथून परतल्यावर लिहिले आहे. अहवाल कारखान्याच्या कपाटात आहे, त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, आणि त्यात अजून नानांचे नाव आहे. ते मला खोडून घ्यायचे आहे. आणि त्याआधी खंडव्याला जाऊन सुनंदाला तीन वाक्ये सांगायची आहेत, ती मी अजून देणे लागतो. डबा त्यांचा होता. आत मी नेला. हात माझे होते.