झाकणाचं रबर

शेतकऱ्यांना बियाणं साठवायला पत्र्याच्या कोठ्या देणाऱ्या एका संस्थेत ती फिरतीवरच्या माणसांची प्रमुख होती. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. उमेदीची वर्षं गावोगाव पायपीट करून ती त्या खुर्चीवर आली होती. कोण राबतं आणि कोण राबल्याचं सोंग करतं, हे तिला बुटांवरच्या चिखलावरून कळे.

तिची माणसं कामचुकार नव्हती. मुखदुर्बळ होती. शनिवारच्या बैठकीत ती विचारी, तुमच्या भागात नवीन काय? पहिला म्हणे, सगळं ठीक. दुसरा मान डोलावी. तिसरा पंख्याकडे बघत बसे. एकेक गोष्ट दात उपटल्यासारखी ओढून काढावी लागे. बाईचं डोकं उठे.

त्यातच तिच्या थोरल्या बहिणीच्या कोठीला कीड लागली. ताईने बाईच्याच शब्दावर वाटाण्याचं सगळं बियाणं त्या कोठीत भरलं होतं. पेरणीच्या तोंडावर झाकण काढलं, तर वरच्या थराचा भुगा झालेला. ताई भांडली नाही. तिने बाईचा फोन उचलणं तेवढं बंद केलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या बैठकीत बाईने थेट विचारलं, बंद कोठीत कीड शिरते कुठून? आमच्याकडे असलं काही नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. बाहेर नव्या कोठ्यांनी भरलेली गाडी सुटायच्या तयारीत उभी होती.

बैठक संपली. बाई हात धुवायला मागच्या अंगणातल्या नळावर गेली. फिरतीची माणसं तिथे बूट धूत होती आणि आत मुकी बसलेली तोंडं इथे नळासारखी सुटली होती. पूर्वी सायकली दुरुस्त करणारा, म्हणून ज्याला सगळे चाकवाला म्हणत, तो सांगत होता की कोठी उन्हात ठेवली की झाकणाचं रबर आक्रसतं आणि फट पडते. तो तिथे जुन्या ट्यूबचं कडं बसवत असे. दुसरा म्हणाला, मी मेण ओततो. तिसरा हसला. त्याने आपल्या भागातल्या सगळ्या कोठ्या केव्हाच सावलीत हलवल्या होत्या.

बाईने नळ बंद केला.

"हे आत सांगायला जीभ जड झाली होती का?"

सगळे बुटांकडे बघू लागले. शेवटी चाकवाला म्हणाला, "सांगितलं होतं बाई. तुम्हीच म्हणालात, संस्थेच्या मालाला हात लावलास तर मेमो देईन."

बाईला आठवलं. तेव्हा ती घाईत होती. वरून कुणीतरी तिला झापलं होतं, तिने खाली याला झापलं.

"मी चुकले," ती म्हणाली. "पण तुम्ही एकमेकांना तरी आधीच सांगायचं. एकाच नळावर बूट धुता ना?"

दुसरा पुटपुटला, ज्याचा भाग त्याने बघावा. यावर बाईने त्याला जे सुनावलं, ते लिहिण्यासारखं नाही.

तिने गाडी थांबवली. प्रत्येक झाकण उघडून कडं बसवायला लावलं आणि स्वतःही बसली. वरच्या साहेबांनी विचारलं, परवानगी कुणाची? बाईने सांगितलं, मेमो माझ्या नावाने काढा. पुढची बैठक नळावर होईल, हेही त्याच दमात सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती ट्यूब घेऊन ताईच्या दारात उभी राहिली. ताईने ये म्हटलं नाही, अडवलंही नाही. बाईने कोठी सावलीत ओढली, कडं बसवलं, झाकण दाबून पाहिलं.

"एवढंच होतं?" ताईने विचारलं. "हे आधी कुणालाच माहीत नव्हतं?"

"होतं. सगळ्यांना."

"मग?"

"मला सोडून. आणि मला सांगायला आलेल्याला मीच गप्प बसवलं."

 ताईने उरलेले वाटाणे पाखडायच्या सुपात ओतले आणि ते सूप बाईच्या पुढ्यात सरकवलं.

"बस. किडका एकही ठेवू नकोस. आणि निवडताना बोलत राहा, तुझ्या हापिसासारखी मुकी बसू नकोस."