शेरूच्या पायाचे केस का गेले

आज शेरूला, माझ्या कुत्र्याला, डॉक्टरकडे नेलं. पुढच्या पायाचे केस पार गेलेत, कातडी लाल. बिल्डिंगवाले म्हणतात खरूज आहे, लिफ्टमध्ये आणू नका.

मी खोबरेल तेलात कापूर घालून चोळत होते. डॉक्टरीणबाई ओरडली, "अहो मावशी, तो चाटतो ना ते! कापूर विषारी असतो त्याला."

तपासून म्हणाली, खरूज नाही. "दिवसभर घरी कोण असतं?"

"कोणी नाही. मी कामाला जाते."

"मग एकटा पडून चाटत बसतो, म्हणून केस जातात. मलम देते, पण त्याला सोबत हवी."

सोबत काय मेडिकलात मिळते?

मुलुंडला दुपारी कोणी रिकामं असेल तर बसा ना त्याच्याजवळ. चावत नाही. चावी शेजारी ठेवते, चहा थर्मासात. रविवारी आलात तरी चालेल. रविवारी मी घरीच असते.